गॉथिक बघायला शिकताना: शार्त्रचा एक खण

रेघोटी

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे आणि सध्या एका सत्रासाठी फ्रान्समध्ये आले आहे. गेल्या महिन्यात शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये चार दिवस बसून चित्र काढलं. तेव्हापासून हे सगळं कुणाला तरी मराठीत सांगावंसं वाटतंय, म्हणून हा धागा.

दुसऱ्या वर्षाच्या इतिहासाच्या पेपरात गॉथिकवरचा, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या बांधणीच्या शैलीवरचा, दहा मार्कांचा प्रश्न ठरलेला असायचा. टोकदार कमान, बरगड्यांचं छत, फ्लाइंग बट्रेस (भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या अर्ध्या कमानी), रंगीत काचा. चार मुद्दे, दोन आकृत्या की झालं. मार्क चांगले पडले, पण गॉथिक आवडतं का असं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. फोटोत त्या इमारती मला काटेरी वाटायच्या. इतकी टोकं, इतके पुतळे, नजर ठरायची कुठे तेच कळायचं नाही.

पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनवरून शार्त्र तासाभरावर आहे. आजूबाजूला गव्हाची सपाट शेतं, आणि गाव दिसायच्या आधी दोन मनोरे दिसतात. ते जोडीचे नाहीत. एक बाराव्या शतकातला, साधा आणि सरळ. दुसऱ्याचं टोक सोळाव्या शतकात, वीज पडून जुनं जळल्यावर नव्यानं बांधलेलं, जाळीदार आणि जास्त उंच. आत गेले. अंधार होता, थंडी होती, माना वर करून चालणारी माणसं होती. अर्ध्या तासात मी बाहेर आले आणि समोर कॉफी पीत बसले. मनात काहीच हललं नव्हतं, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बाईंनी काम दिलं. फोटो काढायचा नाही. एकच ‘बे’ निवडायचा आणि जमिनीपासून छतापर्यंत चितारायचा. बे हा शब्द मी दोन वर्षं वापरत होते. त्या दिवशी खुर्चीवर बसले, वही उघडली आणि एकदम लक्षात आलं, अरे, हा तर खण! आमच्या आजीचं गावचं घर पाचखणी. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर मोजायचं ते खणांवर. माजघर दोन खणांचं, ओसरी तीन खणांची. घर वाढवायचं तर एक खण वाढवायचा. शार्त्रचं मधलं दालन म्हणजे खणाला खण लावत नेलेली तशीच रांग. एवढा एक शब्द सापडला आणि इमारत ओळखीची वाटायला लागली.

चित्राच्या पहिल्या दिवशी फक्त खांब काढला. जाड गोल खांब, त्याच्या चार बाजूंना चिकटलेले चार बारीक खांब. शेजारचाही तसाच असणार म्हणून न बघताच काढला. मग कडा जुळेनात. उठून जवळ गेले, हात लावून पाहिला. पहिल्याचा गाभा गोल आणि त्याला चिकटलेले बारीक खांब अष्टकोनी. दुसऱ्याचा गाभा अष्टकोनी आणि बारीक खांब गोल! तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. सगळ्या दालनात ही अदलाबदल चालली आहे आणि आदल्या दिवशी मी अख्खं दालन चालून गेले तरी मला ती दिसली नव्हती. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं की खांब एकसारखे दिसावेत पण एकसारखे नसावेत. वहीतलं ते पान मी फाडलं नाही, चुकलेला खांब तसाच ठेवलाय.

मग वर वर जात राहिले. खांबावरची मोठी कमान, तिच्यावर छोट्या कमानींची अरुंद ओळ, तिच्यावर दोन उंच खिडक्या आणि त्या दोघींच्या डोक्यावर एक गोल खिडकी. बारीक खांबांचा जुडगा भिंतीला धरून चढतो आणि वर त्याच्या बरगड्या होतात. जमिनीपासून छत साधारण 36 मीटर, म्हणजे आपल्या बारा मजली इमारतीएवढं. तिसऱ्या दिवशी बाहेर बसून फ्लाइंग बट्रेस काढले. शार्त्रचे मला फार आवडले. वर-खाली दोन अर्ध्या कमानी आणि त्यांच्यामध्ये छोटे छोटे खांब, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे.

आणि काचा. 1194च्या आगीत आधीचं चर्च जळालं, त्यातून वाचलेल्या बाराव्या शतकातल्या काही काचा अजून तिथे आहेत. त्यांचा निळा रंग पुढच्या शतकातल्या निळ्याहून उजळ आहे. पण मला जास्त वेळ धरून ठेवलं ते खिडक्यांच्या तळाच्या चौकटींनी. वर संत आणि राजे, आणि खाली, नजरेच्या जवळ, पाववाले, चांभार, सुतार, पाथरवट आपापल्या कामात गढलेले.

तुम्ही कसं शिकलात बघायला? कुठली इमारत, कुठला क्षण? सविस्तर लिहा.

गवंड्याचा_नातू

रेघोटी, मनापासून लिहिलं आहेस. खणाचं तर अगदी पटलं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुण्यात असतो. आजोबा गवंडी होते, त्यामुळे कमान हा आमच्या घरातला विषय.

मला गॉथिक समजलं ते साखळीमुळे. झोपाळ्याची किंवा कुलपाची साखळी घे, दोन हातांत दोन टोकं धर आणि मधे सैल सोड. ती जो आकार घेते त्यात फक्त ताण असतो. तोच आकार उलटा करून दगडात बांधला तर त्यात फक्त दाब राहतो, आणि दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. हे रॉबर्ट हूकनं 1675 साली मांडलं. शार्त्रच्या गवंड्यांना हे गणित माहीत नव्हतं, हाताला मात्र माहीत होतं.

आता साखळीच्या मधोमध एक कुलूप अडकव. मधे टोक येतं की नाही? ती उलटी टोकदार कमान. मग हात लांब ने. साखळी उथळ होते आणि हात आतल्या बाजूला जोरात ओढले जातात. हात जवळ आण, साखळी खोल लोंबते, ओढ कमी होते. कमानीत हेच उलटं होतं. उथळ कमान भिंतींना बाहेर जास्त रेटते, उंच टोकदार कमान कमी रेटते. हा रेटा हातांना एकदा कळला की फ्लाइंग बट्रेस कशासाठी, हे पाठ करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट खणाचीच. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची रुंदीच्या निम्मी असते, त्यात फेरफार करता येत नाही. तुझा खण धर 16 मीटर बाय 7 मीटर. आडवी कमान 8 मीटर उंच होणार, बाजूची साडेतीन, आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी पावणेनऊच्या आसपास. तिघींचे माथे तीन उंचीवर! टोकदार कमानीला दोन वर्तुळांचे तुकडे लागतात, ते हवे तसे निवडता येतात, म्हणून रुंदी काहीही असो, माथे जवळपास एका पातळीत आणता येतात. टोक आलं ते या गरजेतून, नक्षी म्हणून नव्हे.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. सगळा भार बरगड्याच वाहतात असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी काही चर्चच्या बरगड्या गळून पडल्या आणि वरची पाठ, म्हणजे बरगड्यांमधला दगडी पडदा, तशीच उभी राहिली. तेव्हापासून हा वाद चालू आहे. बांधताना बरगडीचा उपयोग नक्की होतो, कारण आधी बरगड्यांचं सेंटरिंग करून मग मधले पडदे भरता येतात, आणि सांधेही झाकले जातात. पण बरगडी म्हणजे तुळई, असं धरून चालू नकोस.

रेघोटी

काका, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच बॅगेच्या कुलपाची साखळी काढली. हात लांब नेल्यावर जी ओढ लागली ती मनगटापर्यंत जाणवली. चार वर्षं मी रेट्याचे बाण काढते आहे, आज तो पहिल्यांदा अंगाला कळला.

एक विचारायचं होतं. बट्रेसच्या बाहेरच्या खांबावर जे छोटे सुळके असतात, ते निव्वळ शोभेचे का?

गवंड्याचा_नातू

शोभेचे आहेत आणि कामाचेही. कमान खांबाला बाहेर ढकलते. वरून वजन ठेवलं की तो तिरका रेटा खाली वळतो आणि खांबाच्या पायाच्या आतच जमिनीत उतरतो. पुस्तकांची उभी चळत बोटानं वरच्या टोकाला ढकलून बघ, वरची पुस्तकं सरकतात. मग वर एक जड शब्दकोश ठेव आणि पुन्हा ढकल. प्रत्येक सुळका नेमक्या जागी असतोच असं नाही, पण जिथे आहे तिथे तो बिनकामाचा समजू नये.

काचेचा_तुकडा

सुंदर धागा. मी कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी. दोन गोष्टी लिहिते.

‘गॉथिक’ हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाही. इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या लेखकांनी, मुख्यतः वसारीनं, या इमारतींना गॉथ टोळ्यांचं रानटी काम म्हणून हिणवलं. गॉथ लोकांचा यांच्याशी काहीही संबंध नव्हता. तेराव्या शतकातल्या एका जर्मन बखरीत याला ‘फ्रेंच पद्धतीचं काम’ म्हटलंय, आणि ते नेमकं आहे, कारण सुरुवातच पॅरिसच्या उत्तरेला सां-देनीच्या मठात झाली. तिथल्या सुगेर नावाच्या मठाधिपतीनं बांधून घेतलेला पूर्वेकडचा भाग 1144 साली पूजाविधीनं खुला झाला. सुगेरला प्रकाश हवा होता. भिंत जाईल तेवढी काढून तिथे काच लावायची हे त्याच्यासाठी धर्माचं काम होतं, बांधकामाचं नंतर.

दुसरं म्हणजे शार्त्रचा अंधार. रेघोटी, तुला अंधार वाटला, पण तू आताचं शार्त्र पाहिलंस. 2009 पासून आतून साफसफाई आणि रंगकाम सुरू झालं. त्याआधी भिंती मेणबत्त्यांच्या काजळीनं आणि धुरानं काळ्या पडल्या होत्या. काजळीखाली तेराव्या शतकातला फिकट पिवळसर गिलावा सापडला, त्यावर पांढऱ्या रेघांनी दगडांचे खोटे सांधे रंगवलेले! तो पुन्हा उजळवला तेव्हा मोठा वाद झाला. कित्येकांचं म्हणणं, काळ्या भिंतींमुळे काचा पेटल्यासारख्या दिसायच्या, ते गेलं. माझं मन अजून त्या काळ्या शार्त्रपाशी आहे. लहानपणी आई-बाबांबरोबर तेच पाहिलं होतं.

रेघोटी

दगडांवर दगडांचे खोटे सांधे! मी त्या पांढऱ्या रेघा खरे सांधे समजून चित्रात काढल्या आहेत. उद्या पुन्हा वही उघडून बघते. मला उजळ भिंती आवडल्या, पण तू म्हणतेस ते काळं शार्त्र मी कधीच पाहू शकणार नाही, याची आता चुटपुट लागली.

फोर्टची_पायवाट

मी मुंबईचा, नोकरी फोर्टात. रोज सीएसएमटीला उतरून चालत जातो. वीस वर्षं उतरत होतो, वर न बघता. एकदा पावसात लोकल बंद पडल्या आणि चार तास स्टेशनात अडकलो. तिकीटघराच्या दालनात, ज्याला स्टार चेंबर म्हणतात, उभा होतो. चांदण्या काढलेलं छत, बरगड्या, आणि खांबांच्या माथ्यावर पानं. ती पानं एका खांबावर एक, दुसऱ्यावर दुसरी. त्या दिवशी मोर, माकडं आणि मुंगूस शोधत राहिलो. ही कोरीव कामं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा, काम 1878 साली सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. पण रोज जे माझ्या डोळ्यांसमोर येतं ते मुंबईच्या पोरांनी कोरलेलं आहे.

रेघोटी, तुझ्या खिडकीतल्या चांभार-सुतारांवरून आठवलं. राजाबाई टॉवरच्या वरच्या भागात पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, आपापल्या वेशात. खालून नीट दिसत नाहीत, दुर्बीण घेऊन जा. शेजारच्या दीक्षान्त सभागृहाच्या गोल खिडकीत बारा राशी आहेत.

समुद्रकाठ

धागा वाचतेय, आवडतोय, पण मुंबईबद्दल माझं मन थोडं अडतं. शार्त्रची कमान गरजेतून आली, हे काकांनी छान सांगितलं. मुंबईत ती आली राज्यकर्त्यांच्या आवडीतून. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट मुंबईत एकदाही आले नाहीत, नकाशे लंडनहून आले. 36 मीटरवर दगडी छत पेलायची इथे गरज नव्हती. मग हे गॉथिक खरं कसं? मी मुद्दाम वाद घालत नाहीये. लहानपणापासून या इमारतींनी मला छोटं वाटायला लावलं आहे, त्यामुळे प्रेम करावं की नाही हे मला अजून उमगलेलं नाही.

फोर्टची_पायवाट

ताई, तुमचं म्हणणं खोटं नाही. सत्ता दाखवण्यासाठीच या इमारती उभ्या केल्या. मात्र टॉवरचे पैसे प्रेमचंद रायचंदांचे आणि नाव त्यांच्या आईचं. आणि एक गोष्ट बघा, व्हरांडा. हायकोर्ट घ्या, जुनं सचिवालय घ्या, बाहेरच्या अंगाला कमानींमागे खोल व्हरांडे आहेत. इंग्लंडच्या गॉथिकला असला व्हरांडा माहीत नाही. जुलैच्या तिरक्या पावसानं आणि मे महिन्याच्या उन्हानं तो लावायला लावला. दगडही इथलेच, कुर्ल्याचा, मालाडचा पिवळसर, पोरबंदरचा. म्हणजे गरज नव्हतीच असं नाही, शार्त्रची गरज वेगळी आणि आमची वेगळी. एखाद्या पावसाळी दुपारी हायकोर्टाच्या बाजूनं चालत या. त्या कमानींखाली किती माणसं कोरडी उभी असतात ते दिसेल.

समुद्रकाठ

व्हरांड्याचं पटलं. मनातलं पूर्ण गेलं असं नाही म्हणणार, पण व्हरांडा या नजरेनं पाहिला नव्हता. येते जुलैत.

ऱ्हाइनकाठी

जर्मनीत कोलोनमध्ये अकरा वर्षं आहे, म्हणून थोडं इथलं. इथल्या डोमची, म्हणजे कॅथेड्रलची, पायाभरणी 1248ची आणि तो पूर्ण झाला 1880 साली. सोळाव्या शतकात काम थांबलं आणि दक्षिणेकडच्या अर्धवट मनोऱ्यावर मध्ययुगातली लाकडी क्रेन तशीच उभी राहिली, 1868 पर्यंत. तीनशेहून जास्त वर्षं ती क्रेन हेच गावाचं चित्र होतं. पिढ्यानपिढ्या लोकांनी आपलं देऊळ अर्धंच पाहिलं आणि ते आपलंच मानलं.

आजही डोमला स्वतःचे पाथरवट आहेत, त्यांची कार्यशाळा बाराही महिने चालते. मी राहायला आल्यापासून कुठल्या ना कुठल्या कोपऱ्याला परांची आहेच. माझी मुलगी लहान असताना विचारायची, अजून बांधून झालं नाही का? एकदा परांचीखाली नवा कोरलेला दगड ठेवला होता, बदलायच्या जुन्याशेजारी. जुन्या पानाची शीर हवेनं खाऊन गुळगुळीत झालेली, नव्या पानाची धारदार. तिनं दोन्हीवर हात फिरवला. तेव्हापासून विचारत नाही, मला दाखवते, बाबा, हा नवा, हा जुना.

पाटी_पेन्सिल

मी पुण्यात शाळेत शिकवतो. सातवी-आठवीची मुलं. हा धागा वाचून एक विचारावंसं वाटलं. आमच्याकडे शार्त्र नाही, पण कॅम्पात लाल देऊळ आहे, ओहेल डेव्हिड सिनेगॉग, 1867चं, लाल विटांचं, टोकदार खिडक्यांचं. मुलांना दाखवायचं तर सुरुवात कुठून करू?

रेघोटी

सर, एकच खिडकी द्या. प्रत्येकानं तीच खिडकी खालून वर काढायची, आणि काढताना स्वतःला विचारायचं, या विटेचं वजन कुठे गेलं? नावं-सनावळ्या नंतर. आणि काकांची साखळी नक्की न्या.

पाटी_पेन्सिल

नेलं काल. आत जायला परवानगी लागते, म्हणून पलीकडच्या फुटपाथवर बसवलं. पहिली दहा मिनिटं गोंगाट. मग एका मुलीनं विचारलं, सर, हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे ना, मग देऊळ का म्हणतात? मी म्हटलं, पुणेकरांना पवित्र जागेसाठी जो शब्द जवळचा वाटला तो त्यांनी दिला. नंतर साखळी काढली. कुलूप अडकवल्यावर मधे टोक आलं आणि एका मुलानं न सांगता ती समोर उलटी कल्पून खिडकीशी बोटानं जुळवली. तेवीस वह्यांत तेवीस खिडक्या आहेत. दोन वह्यांत मुलांनी विटाही मोजल्यात.

गवंड्याचा_नातू

सर, हे वाचून आजोबांची फार आठवण झाली.

रेघोटी

सर, त्या विटा मोजलेल्या वह्यांचे फोटो मिळतील का?

मी परवा फ्रान्समधल्याच बोव्हेच्या कॅथेड्रलला जाऊन आले, ते सांगते. छताची उंची वाढतच गेली: शार्त्र, मग 1220 साली सुरू झालेलं आमिएँचं कॅथेड्रल 42 मीटरचं, आणि बोव्हेच्या लोकांनी 48 मीटर गाठले. 1272च्या सुमाराला पूर्वेकडचा भाग पुरा झाला आणि 1284 साली छताचा भाग कोसळला. मी खण शोधत होते. पण इथे खण अरुंद, खांब दाटीनं उभे. वर छताकडे पाहिलं तर पडदे चार नव्हेत, सहा. तेव्हा कळलं. कोसळल्यावर त्यांनी प्रत्येक खणाच्या मधोमध एक नवा खांब घातला. एका खणाचे दोन केले आणि छत पुन्हा त्याच 48 मीटरवर नेलं. उंची कमी केली नाही!

पुढे सोळाव्या शतकात मधोमध 153 मीटरचा मनोरा चढवला, तो 1573 साली पडला. मग पैसा संपला आणि पश्चिमेकडचं लांब दालन कधीच झालं नाही. ते जिथे यायचं होतं तिथे दहाव्या शतकातलं एक ठेंगणं जुनं चर्च अजून उभं आहे, मोठ्या भिंतीला टेकून. आत अजूनही लाकडाचे प्रचंड धिरे लावलेत. मी त्या धिऱ्याशेजारी बसून पान काढलं. काका, तुमचा रेटा तिथे नुसत्या डोळ्यांना दिसतो.

1284च्या आधीचे खांब काळ्या पेन्सिलीनं काढलेत, नंतर घातलेले मधले लाल. खणाला खण मोजत गेले तेव्हा वही आडवी करावी लागली. उद्या स्कॅन करून टाकते.